शिडी धरणारी बाई

वाऱ्याने तार तुटली तेव्हा सकाळची भांडीही अजून घासून झाली नव्हती. उबवणीवालीच्या खोलीतला फ्रिज एकदम काळोखा झाला.

फ्रिज भंगारातून आणलेला होता. त्याला भोके पाडून तिने आत दिवे लावले होते, तळाशी पाण्याची बशी ठेवली होती, दारात काचेचा तुकडा बसवला होता. जन्मभर गारवा देऊन थकलेल्या त्या पेटीत आता अंडी उबत. आसपासचे कोंबड्या पाळणारे तिच्या भरवशावर अंडी आणून ठेवत आणि पिल्ले घेऊन जात; नवरा दूरच्या रस्त्याच्या कामावर असला तरी घरची चूल त्यामुळे विझत नसे. आज कवचांना तडे जाऊ लागले होते. काचेला कान लावला तर आतून बारीक चिवचिव ऐकू येई. अशा वेळी ऊब गेली की पिल्लू अर्ध्या फुटलेल्या कवचात आखडून मरते. तिने ते एकदा पाहिले होते. पुन्हा पाहायचे तिच्या जिवावर आले होते.

म्हणून तिने दिराला निरोप धाडला. या दिराला घरात सगळे 'झटपट' म्हणत, कारण त्याला चहा निवेपर्यंतही थांबवत नसे. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या मित्राचा छोटा जनरेटर हातगाडीवर घालून तो हजर झाला. तिने त्याला मागच्या अंगणात बसवले आणि बजावले, की मी येऊन दारामागची तार सोडवीपर्यंत जनरेटरच्या दोरीला हात लावायचा नाही. त्याने मान हलवली. मान हलवण्यात तो कधीच कमी पडत नसे.

दारामागच्या त्या तारेतच सगळी मेख होती. गल्लीत कुणाच्याच घरी मीटर नव्हते. घरे ज्या जमिनीवर उभी होती तिचे कागद कुणाकडे नव्हते, आणि कागदाशिवाय मीटर नव्हते. वीज कंपनीच्या कचेरीत उबवणीवालीने इतके हेलपाटे घातले होते, की तिथला शिपाई तिला पाहताच परस्पर 'आज नाही' म्हणून हात हलवी. मग जे सगळ्यांनी केले तेच तिनेही केले. घरांच्या मागून, झाडाच्या फांद्यांआडून विजेच्या तारा जात होत्या, त्यांवर आकडे टाकले; तिच्या आकड्याची तार दारामागून घरात उतरत होती. कचेरीत आकडे कागदावर असतात, गल्लीत ते तारेवर असत, एवढाच फरक.

मात्र हा आकडा दोन्हीकडून चालतो, हे तिला गेल्या खेपेला कळले होते. तेव्हाही वीज गेली होती आणि तिने दारामागची तार न सोडवताच जनरेटर लावला होता. समोरच्या आजीचा रेडिओ आपोआप गाऊ लागला. जनरेटरची वीज भिंतीतून मागे गेली, आकड्यावरून तारेवर चढली आणि तारेवरून आजीच्या घरात उतरली होती. आजीने रेडिओला भूत लागले म्हणून त्याच्यावर झाडू उगारला, आणि गल्ली कित्येक दिवस हसत राहिली. उबवणीवालीही हसली होती.

रिकामी हातगाडी गल्लीत बाजूला लावून ती तार सोडवायला घराकडे वळणार, इतक्यात गल्लीच्या तोंडाशी कंपनीची गाडी थांबली. गाडीतून वायरमन उतरला आणि त्याच्यामागून साहेब.

साहेबाला पाहताच गल्लीतले पुरुष असे गायब झाले, की कुणी फुंकर मारून उडवले असावेत. साहेबाने दोन-चार दारे वाजवली आणि चढ्या नसलेल्या पण थंड आवाजात सांगितले, की मीटरसाठी या गल्लीचा एकत्र अर्ज त्याच्या टेबलावर आला आहे, तो पुढे पाठवायचा की नाही हे त्याने आजच ठरवायचे आहे. एक जरी आकडा सापडला तरी सगळ्या गल्लीचा अर्ज रद्द होईल. मग त्याने विचारले, कुणाकडे तार आहे का? बायकांनी माना हलवल्या. आम्ही रॉकेलच्या दिव्यावर भागवतो, आजी म्हणाली. उबवणीवालीला विचारले तेव्हा तिनेही तेच सांगितले, आणि ते सांगताना तिचा हात नकळत कानावरच्या केसांकडे गेला.

वायरमनने ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढून खिशात टाकला, टेस्टर लावून तार मेली असल्याची खात्री केली आणि बांबूची शिडी खांबाला टेकवली. तो कंत्राटदाराचा माणूस होता, वाळका, डोळ्यांभोवती उन्हाच्या सुरकुत्या पडलेला. जोडीला मदतनीस द्यायचा असतो, तो कंत्राटदाराने दिला नव्हता. रबरी हातमोज्यांपैकी एकाच हाताचा उरला होता, तोही त्याने मागच्या खिशात खोचून ठेवला. खांबाच्या बुडाशी गटार होते आणि चिखलात शिडीचा पाय सरकत होता. त्याने आजूबाजूला पाहिले. आजी होती, ती धड स्वतःलाच सावरू शकत नव्हती. साहेब फोनवर बोलत होता.

"ताई, जरा धरता का? घट्ट धरा. पाय सुटला की मी थेट गटारात."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हते. जे होते ते सांगता येण्यासारखे नव्हते. तिने शिडी धरली. घटकाभराचे तर काम, असे तिने मनाशी म्हटले. झटपट थांबेल. आज तरी थांबेल.

वायरमन वर गेला. त्याचे वजन पडताच बांबू करकरला आणि शिडीचा पाय चिखलात बोटभर खाली गेला. तिने खांदा लावून तो रेटून धरला. वर त्याने कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकला खरा, पण पट्ट्याची कडी झिजलेली होती आणि त्याचा सगळा भार शिडीवरच होता, हे तिला तिच्या तळहातांत कळत होते.

आणि मग तिच्या घरामागून आवाज आला. खर्रर्र, आणि गप्प.

जनरेटरची दोरी ओढल्याचा तो आवाज तिने ओळखला. तिने आजीला जवळ बोलावून हळूच सांगितले, की घरी जाऊन दिराला थांबवा, म्हणावे दोरी ओढू नको. आजीला अर्धेच ऐकू आले. दीर जेवायला थांबलाय का, असे तिने मोठ्याने विचारले. साहेबाने फोन कानापासून दूर करून दोघींकडे पाहिले. उबवणीवालीने पुन्हा सांगितले आणि आजी निघाली, पण आजीचे निघणे म्हणजे आधी गुडघा, मग काठी, मग दुसरा गुडघा.

वरती वायरमन तुटलेल्या तारेचे टोक ओढून घेत होता. त्याने पकडीने टोक खरवडले आणि पकड दातांत धरली. आता तो दोन्ही उघड्या हातांनी तार पकडून पीळ देणार होता.

"दादा," ती वर पाहून म्हणाली, "पाणी प्यायला उतरता का? ऊन फार आहे."

त्याने दातांत पकड असतानाच हसून मान हलवली. साहेब म्हणाला, बाई, त्याला काम करू द्या.

खर्रर्र. या खेपेला इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले.

शिडी सोडून धावावे तर माणूस गटारात, नाहीतर त्यापलीकडच्या दगडांवर. न धावावे तर तो तारेवर. तिला फ्रिजच्या काचेतून दिसणारी चिरलेली कवचे आठवली. गल्लीतली दारे आठवली. प्रत्येक दाराच्या फटीत एक डोळा होता आणि त्या सगळ्या डोळ्यांना ठाऊक होते, की अर्ज म्हणजे काय. वर त्या माणसाची टाच तिला दिसत होती. चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता. शिवण कुणीतरी घरच्या सुईने घातली होती, जाड, वाकडी, पण दुहेरी.

"तारेला हात लावू नका," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "माझा आकडा आहे वरती. घरात जनरेटर लावतायत. तार जिवंत होईल."

साहेबाचा फोन हातातच राहिला. वायरमनने क्षणभर खाली पाहिले, तिच्या डोळ्यांत, आणि काही न विचारता तारेचे टोक सोडून दिले. दोन्ही हात त्याने छातीशी घेतले, जसे थंडीत घेतात तसे.

तिसऱ्या ओढीला जनरेटर सुरू झाला.

आणि गल्ली जागी झाली. आजीच्या बंद घरात रेडिओने मध्यातूनच गाणे धरले. शेजारच्या खिडकीत दिवा लागला. पलीकडे पंखा किरकिरत फिरू लागला, त्यापुढे कुणाचा तरी मिक्सर रिकामाच घरघरला आणि कुणीतरी धावत जाऊन तो बंद केल्याचे ऐकू आले. दिव्यावर भागवणारी सगळी घरे साहेबाच्या डोळ्यांदेखत उजळली होती. खांबाजवळ लोंबणारे तारेचे टोक वाऱ्याने हलले, लोखंडाला घासले, आणि एक निळी ठिणगी तडकून गेली. जनरेटर गुदमरून बंद पडला. गाणे तुटले.

वायरमन एकेक पायरी चाचपत उतरला आणि गटाराच्या कठड्यावर बसला. त्याने खिशातला एकटा हातमोजा काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा ठेवून दिला.

झटपट धावत आला आणि काही कळायच्या आतच सांगू लागला, की वहिनी, तू येईना, आतली पिल्ले ओरडत होती, मला राहवेना. तिने त्याला गप्प केले नाही. दारांतून बाया बाहेर आल्या. त्यांतल्या एकीने उबवणीवालीकडे असे पाहिले, की तिला शिवी परवडली असती. साऱ्या गल्लीचं वाटोळं केलंस, ती हलकेच म्हणाली. उबवणीवालीने अजूनही रिकामी शिडी धरून ठेवली होती.

साहेबाने रुमालाने मान पुसली. ठिणगी पडली ती जागा तो पुन्हा पुन्हा पाहत होता. अखेरीस तो म्हणाला, की सगळे आकडे आत्ताच्या आत्ता उतरवायचे, दंडाची नोटीस प्रत्येक घराला येईल, आणि तिच्या घराला पहिली. अर्जाचे काय, असे आजीने विचारले. या खेपेला तिला नीट ऐकू येत होते. साहेबाने तिच्याकडे पाहिले, मग वायरमनकडे.

"अर्ज आहे टेबलावर," तो म्हणाला. "अजून तरी."

एवढ्यावर कुणाला आनंद करता येत नव्हता, आणि रडताही येत नव्हते.

उबवणीवालीने दिराला सांगितले, की आता घरात जा, दारामागची तार सोडव, तिची टोके वेगळी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि मगच दोरी ओढ. तो गेला, आणि जन्मात पहिल्यांदाच सावकाश गेला. त्याने तार सोडवून, तिचे टोक हातात घेऊन, दारातून उंच करून तिला दाखवले. मग जनरेटर सुरू झाला. या खेपेला रेडिओ गप्प राहिला. आजची ऊब तरी भागणार होती. उद्याची कुठून आणायची, हे तिला ठाऊक नव्हते.

वायरमन उठला. आकडे मागच्या खांबावरून काढावे लागणार होते. त्याने शिडी खांद्यावर घेतली, घरांमागे नेऊन टेकवली, हलवून पाहिली. बुडाशी तिथेही चिखलच होता. तोवर परतलेल्या पुरुषांपैकी दोघे, जरा खाकरत, पुढे सरसावले.

"तुम्ही राहू द्या," वायरमन म्हणाला. "ताई, तुम्हीच धरा."

ती पुढे झाली. साहेबाने फोन खिशात टाकला, पॅन्ट थोडी वर ओढली आणि शिडीचा दुसरा पाय धरला.

वर चढून वायरमनने विचारले, "आधी कुणाचा काढू?"

"माझा," ती म्हणाली, आणि बांबूला खांदा लावला.