वीस तासांचा ब्रेस

कुणाला पटायचं नाही, पण साचेवाले काका त्या सकाळी एवढे तापले की बादलीतलं प्लास्टर पाणी घालण्याआधीच दगड झालं. दार उघडं राहावं म्हणून अजून तोच दगड लावतात.

वाकड्या पाठीच्या मुलांसाठी काका ब्रेस बनवायचे. अंगाचा साचा घ्यायचा, त्यावर तापवलेलं प्लास्टिक बसवायचं, पट्टे लावायचे. बाक थोडा असला तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. वाढत्या वयात तो पुढे सरकला तर ब्रेस. तोही हरला तर पाठ उघडून मणक्यांना सळ्या.

समोर अकरा वर्षांची मुलगी बापासोबत उभी होती. सहा महिन्यांत बाक अठ्ठावीस अंशांवरून एकोणचाळीसवर गेलेला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत एकच प्रश्न होता: ब्रेस नीट वापरला का? वापरूनही बाक वाढला असेल, तर ऑपरेशनचं बघू.

"वापरला म्हणजे काय!" बाप म्हणाला. "रोज वीस तास. घड्याळ लावून!"

काकांनी ब्रेस उलटा केला. सहा महिने पोरीच्या अंगावर राहिला की अस्तर घामाने पिवळं पडतं, पट्टे पिंजतात. हे अस्तर दुधासारखं पांढरं होतं. पट्ट्याचा एक धागा सुटलेला नव्हता.

"शाळेत?"

"घालूनच जाते."

"आणि पाहुणे आले की?"

बाप जरा अडखळला. "लोक काय हो, विचारतातच. पण आम्ही काढू देत नाही. त्यातच झोपते, त्यातच खेळते. परवा तर झाडावर चढली!"

"घाम येत नाही वाटतं तिला?"

"आमच्या घराण्यात घाम कमीच."

काकांचं डोकं फिरलं. ब्रेसची बदनामी झाली तर गेली खड्ड्यात, पण या माणसाच्या अब्रूपायी पोरीची पाठ चिरायची? त्यांनी कागद टेबलावर आपटला.

"ठीक आहे, साहेब. तुमचा शब्द खरा धरतो. लिहितो, ब्रेस रोज वीस तास घातला, उपयोग शून्य. पुढचं डॉक्टर बघतील. ऑपरेशनच्या टेबलावर तुम्हाला थोडंच झोपायचंय!"

पेन कागदावर टेकलं.

"वीस तास," बाप पुन्हा म्हणाला, पण आवाज पार खाली गेला होता.

"काका, लिहू नका!" मुलगी ओरडली. बापाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "बाबा खोटं बोलतायत. ब्रेस माळ्यावर असतो!"