नगराध्यक्षांचं पान

पुकारूमी गावात नगराध्यक्ष फोर्तुनातो याक्सांबद्दल दोनच मतं होती. एक, देवमाणूस. दोन, चोर. तिसरं मत मांडायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि ते मांडलेलं होतं फक्त इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात, नगराध्यक्षांच्या पानावर. ते पान वाचनालयातली सेनाइदा सहा वर्षं राखत आली होती.

विरोधकांनी 'लुटारू' लिहिलं की ती पुसायची. नगराध्यक्षांच्या पुतण्यानं 'गोरगरिबांचा कैवारी' लिहिलं की तेही पुसायची. दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची आणि पुन्हा कामाला लागायची. एक वाक्य मात्र कितीदाही उडवलं गेलं तरी ती परत बसवायची. नव्या बाजाराचं छत कोसळलं, चाळीस गाळे चिरडले गेले, आणि चौकशी अहवालानं ज्यांना जबाबदार धरलं त्यांत याक्सांचं नाव होतं. अहवाल छापील होता, पान क्रमांकासकट.

"नात्यातल्या माणसानं नात्यातल्याबद्दल लिहू नये, असा आमचा नियम आहे," असं तिनं पुतण्याला बजावलं होतं. पुतण्यानं ते घरी जाऊन काकाच्या कानावर घातलं. काका कच्च्या गुरूचा चेला नव्हता. येत्या निवडणुकीत त्याला प्रांताचं राज्यपालपद हवं होतं, आणि छताचं ते वाक्य घशातल्या काट्यासारखं टोचत होतं.

एके दिवशी सेनाइदाचा नवरा आबेलिनो घरी आला तो उड्या मारतच.

"सेनी, आपल्या इल्दाच्या जावळाचं ठरलं! धर्मपिता कोण, सांग बघू?"

"कोण?"

"खुद्द नगराध्यक्ष! चौकात हात धरून म्हणाले, आबेलिनो, पोरीचे केस कमरेला टेकले, कापायला माणूस मिळेना का? मी लगेच रीतीप्रमाणे पाव, फळं, बाटली घेऊन मागणं घालायला त्यांच्या दारात गेलो. हो म्हणाले! वासरू देणारेत पोरीला, वासरू!"

सेनाइदाच्या हातातला बटाटा तसाच राहिला. जावळाची पहिली बट जो कापतो तो मुलीचा धर्मपिता होतो आणि तिच्या आईबापाचा सोयरा. तो त्यांचा कोम्पाद्रे, मुलीची आई त्याची कोमाद्रे, मरेपर्यंत. आणि नात्यातल्या माणसानं नात्यातल्याबद्दल लिहू नये.

"अरे बाबा, मला विचारायचंस तरी!"

"काय विचारायचं? तुझ्या त्या पानासाठी पोरीचं वासरू घालवू? पान दूध देतं का?"

"नाही म्हणून सांग त्यांना."

"बाटली फोडून प्यायलोय आम्ही, सेनी. आता नाही म्हटलं तर गावात माझ्या भाड्याच्या गाडीत कोंबडीसुद्धा बसणार नाही."

ते मात्र खरं होतं. मागणं घालून, होकार घेऊन फिरवायचं, म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. सेनाइदाला संताप आला तो नवऱ्याचा कमी आणि स्वतःचा जास्त. नियम तिनंच शिकवला होता. तो गुपचूप मोडून पान राखत राहावं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. मग पुतण्यात आणि आपल्यात फरक काय? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे करायचं नाही म्हणून तर तिनं सहा वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या.

रविवारी सकाळी, पाहुण्यांसाठी चूल पेटवण्याआधी, ती संगणकापुढे बसली आणि पानाच्या चर्चेत तिनं लिहिलं: 'आज दुपारपासून मी या व्यक्तीची सोयरी होत आहे. यापुढे या पानाला हात लावणार नाही. माझं आजवरचं प्रत्येक वाक्य कृपया कुणीतरी अहवालाशी ताडून बघावं.' तेच तिनं ज्ञानकोशाच्या चावडीवरही टाकलं, जिथं देशोदेशीचे लिहिणारे जमतात. लिहिताना तिला रडू आलं. लेकरू दुसऱ्याच्या ओटीत घालावं तसं वाटलं. मग तोंड धुऊन ती बटाट्यांकडे वळली.

दुपारी अंगण भरलं. इल्दाच्या केसांच्या बारीक बारीक बटा करून प्रत्येकीला रंगीत फीत बांधली होती. बाहेर वासरू हंबरत होतं. नगराध्यक्ष नवी टोपी घालून आले, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पेला रिकामा केला आणि कात्री हातात घेऊन सेनाइदाकडे वाकले.

"काय कोमाद्रे, आता घरचे झालो. घरच्यांनी घरच्यांबद्दल लिहायचं नाही, तुमचाच नियम ना?"

"माझाच, कोम्पाद्रे. सकाळीच पाळला. मी सोयरी झाले, माझं लिहिलेलं तपासा, असं चारचौघांत सांगून टाकलं."

"चारचौघांत?"

"चौदा जण पानावर तपासायला आले. बटाटे सोलून होईस्तोवर."

नगराध्यक्षांची कात्री हवेतच राहिली.

"एकानं माझी चूक काढली. गाळे चाळीस नव्हते, चौतीस होते. सहा वर्षं चुकीचं लिहिलं होतं मी, माफ करा. सहा गाळे तुमच्या डोक्यावरून उतरले."

"बरं झालं की!" नगराध्यक्ष हसले.

"दुसऱ्याला अहवालाचा दुसरा खंड सापडला. मला कधी मिळालाच नव्हता. त्यात तुमच्यावर अख्खं प्रकरण आहे म्हणे."

हसू मावळलं. आबेलिनोनं बायकोकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या वासराकडे बघितलं. मंडळी टाळ्या वाजवायला हात उचलून थांबली होती. इल्दा मान खाली घालून कधीची वाट बघत होती.

नगराध्यक्षांनी आवाज खाली आणला. "राहतात कुठं हे चौदा जण?"

"एक मोन्तेविदेओत. एक सेव्हियात. बाकीचे ठाऊक नाहीत."

त्यांनी कात्री या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांना मुलंबाळं?"

"असतील," सेनाइदा म्हणाली, "पण सगळ्यांची जावळं झालीत. कापा, कोम्पाद्रे, पोरीची मान दुखतेय."