चांदी घातलेलं स्टील

२००४ सालच्या डिसेंबरात वैदेही दामले पुण्याहून रत्नागिरीला आली, तेव्हा तिच्या पिशवीत चांदी घातलेल्या स्टीलच्या पट्ट्या होत्या. दिसायला अगदी भांड्यांच्या स्टीलसारख्या. पण वितळलेल्या स्टीलमध्ये किंचित चांदी मिसळली की त्याच्यावर पडलेले जंतू मरतात, असं तिचं म्हणणं होतं. मासळी कापायची टेबलं या स्टीलची करावीत, अशी तिच्या पुण्याच्या संशोधन संस्थेची योजना होती. त्यासाठी बंदराच्या गावात जंतूंची चाचणी करणारं माणूस हवं होतं. वैदेहीने मालिनी बापटचं नाव सुचवलं.

मालिनी इथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. दोघी एका बाकावर बसून बी.एस्सी. झालेल्या, आणि तेव्हा मार्क मालिनीला जास्त असायचे. पुढे आईला अर्धांगवायू झाला आणि मालिनी घरीच राहिली. वैदेही पुण्याला गेली, डॉक्टरेट झाली, दोन वर्षं जपानलाही राहून आली.

"प्रयोगात माझ्यापेक्षा तुझा हात स्वच्छ आहे मालू," पट्ट्या देताना वैदेही म्हणाली. "म्हणून तुझ्याकडे आले."

मालिनीला हे कौतुक नोकराच्या पाठीवर थाप मारल्यासारखं वाटलं.

चाचणी सोपी होती. पट्टीवर जंतूंच्या पाण्याचा थेंब टाकायचा, वर पातळ प्लास्टिक झाकायचं, पट्टी उबेला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तो थेंब बशीत वाढवून किती जंतू उरले ते मोजायचं. साध्या स्टीलवरचे जंतू वाढून दाट झाले. चांदीच्या पट्टीवर जवळजवळ काहीच उरलं नाही. ती स्वच्छ बशी हातात धरून मालिनी बराच वेळ उभी राहिली. चुकून काही वाढलेलं दिसावं म्हणून तिने ती खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिली.

घरी आईने विचारलं, "वैदेहीचं काम झालं ना गं नीट? पहिल्यापासून हुशारच ती."

"झालं," एवढंच मालिनी म्हणाली.

रविवारी ती मिरकरवाड्याच्या बंदरावर बांगडे घ्यायला गेली. तिची नेहमीची मासेवाली सखू मासे साफ करत होती. तिच्या फळीवर रक्त, खवले, बुळबुळीत पाणी साचलं होतं. मालिनी बघतच राहिली. प्रयोगशाळेतला स्वच्छ थेंब वेगळा आणि हे वेगळं. या घाणीत चांदीचं काय चालणार?

"सखू, हे पाणी बाटलीत भरून देशील?"

"पानी? त्याचं काय करताव बाई?"

"कॉलेजात हवंय."

त्या पाण्यात जंतू मिसळून तिने प्रयोग पुन्हा केला. या वेळी चांदीच्या पट्टीवरही जंतू भरभरून वाढले. मालिनीला इतका आनंद झाला की तिने खात्रीसाठी तोच प्रयोग आणखी दोनदा केला. वैदेहीला मात्र तिने फोन केला नाही.

निकाल ऐकायला कॉलेजात बैठक भरली. प्राचार्य होते, मासळी कारखान्याचे मालक रावजी मयेकर होते. वैदेहीने चांगले निकाल दाखवले, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मालिनी उठली आणि तिने मासळीच्या पाण्याच्या बशा टेबलावर मांडल्या.

"म्हणजे आमच्याकडे याचा उपयोग नाही?" रावजींनी विचारलं.

"मळलेल्या टेबलावर नाही," मालिनी म्हणाली.

वैदेहीचा चेहरा उतरला. बैठक मोडल्यावर ती मालिनीच्या मागोमाग प्रयोगशाळेत आली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर सांगायचं होतं."

"का पण?"

मालिनीला खोटं सुचलं नाही. "तू तोंडावर पडावीस म्हणून."

वैदेही स्टुलावर बसली. ती चिडली होती, डोळे भरले होते. तरी तिने विचारलं, "मासळीचं पाणी लावल्यावर पट्टी धुऊन बघितलीस?"

मालिनीने बघितली नव्हती. जे हवं होतं ते दिसल्यावर ती तिथेच थांबली होती. वैदेही तिच्याहून पुढे का गेली, हे तिला त्या क्षणी फार स्पष्ट कळलं, आणि त्याचाही तिला राग आला.

पुढचे दिवस दोघींनी कामापुरतंच बोलत प्रयोग केला. मासळीचं पाणी लावलेली पट्टी साबणाने घासून धुतली, तर चांदी पुन्हा जंतू मारत होती. न धुता काही नाही.

रावजींनी सगळं ऐकून घेतलं आणि साध्या स्टीलचीच टेबलं करवली. "धुवायचंच आहे, तर चांदी कशाला?" ते म्हणाले.

या प्रयोगांवरचा दोघींचा निबंध मात्र एका शास्त्रीय मासिकात छापून आला. वैदेहीचं नाव आधी, मालिनीचं नंतर. आईने चष्मा लावून तो क्रम वाचला आणि तुझं नाव मागे का, असं बोलूनही दाखवलं.

"प्रयोग तिने पुरा केला," मालिनी म्हणाली. हे बोलताना तिला त्रास झाला, पण ते खरं होतं.

पुढच्या वर्षी आईजवळ दिवसभरासाठी बाई ठेवून मालिनीने डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं. विषय घेतला मासळीच्या बुळबुळीत थरात जंतू कसे तगतात हा. पहिलं प्रकरण लिहून झाल्यावर वैदेहीने ते वाचायला मागितलं. मालिनीने आठवडाभर ते टेबलावर तसंच ठेवलं. मग पाकिटात घालून, पत्ता लिहून, स्वतः जाऊन पोस्टात टाकलं.