कोपऱ्यावरची गाठ

मी प्रारणमापक बोलतोय. नाव ऐकून दबकू नका. अवकाशात न दिसणारे कण धावत असतात, ते मोजणारी मी एक डबी. आम्ही दोघे जुळे. भाऊ यानातून एका पट्टेरी ग्रहाकडे गेला, मी यवतमाळच्या या कपाटात राहिलो. यानाला एकच लागतो, दुसरा अडीअडचणीला ठेवतात. राखीव राहून राहून मी थकलोय, खरं सांगतो.

मधुवंतीताईंनी आम्हाला त्यांच्या छोट्या कार्यशाळेत घडवलं. आमची चंदेरी आवरणं, कण आत येण्याच्या इवल्याशा खिडकीसकट, काचेच्या धाग्यानं शिवली सुखीबाईनं. ती बोरी अरबजवळच्या तांड्यावरची. कापसाला भाव उरला नाही, तेव्हा वेचणी सोडून इथं शिवायला आली.

सहा वर्षांनी, दोन हजार चार साली, भाऊ पोहोचला. त्याचे आकडे फारच कमी येऊ लागले. यान सांभाळणाऱ्यांनी कळवलं, मापक बिघडलाय, आठवड्यात खुलासा द्या, नाहीतर बंद करतो. माझा भाऊ बंद! आणि मी इथं धूळ खात.

ताई तीन दिवस आराखडे चाळत होत्या. चौथ्या दिवशी सुखीबाई समोर येऊन उभी राहिली.

“ताई, तो बिघडला नाही. म्या त्याच्या खिडकीच्या कोपऱ्याले जास्तीची गाठ मारली होती.”

“आराखड्यात नव्हती ती! काहून मारली?”

“वेचणीचं फडकं कोपऱ्यातूनच पयले फाटते. हा तं इतक्या दूर चालला होता. तिथं कोण शिवून देईन त्याले? आता मले काढून टाका.”

ताईंना राग आला होता. पण त्यांनी मला कपाटातून काढलं. माझ्या आवरणाला तशी गाठ नव्हती. मी कुठं जाणार होतो?

“हुबेहूब तशीच याला मारता येईल?”

“डोये मिटून.”

मग मला कणांच्या झोतासमोर धरलं, आधी गाठीशिवाय, मग गाठीसकट. गाठ किती कण अडवते ते कळलं. तेवढे भावाच्या आकड्यांत मिळवले आणि हिशेब जुळला. भाऊ चालू राहिला. सुखीबाईही कामावर राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदाच जन्माला आल्यासारखं वाटलं.

पुढं दोन वर्षं भावानं मोजलं. ज्या कणांना मोजत होता त्यांनीच त्याला झिजवलं, आणि गेल्या महिन्यात तो गप्प झाला.

आता हे कपाट रिकामं करताहेत. मला कुठंही टाका, पण ही गाठ कापू नका. भावाच्या आकड्यांवर कुणी शंका घेतली, तर दाखवायला हीच उरली आहे. शिवाय ती अंगावर असली की मीही कुठंतरी दूर जाऊन आलोय असं वाटतं.