न वाचलेली फाइल

डॉक्टरांनी तिची फाइल उघडलीच नाही. तिच्यावर कोपर टेकवून ते सासूबाईंना म्हणाले, "काळजी सोडा. असल्या केसेस मी रोज बघतो."

असल्या म्हणजे कसल्या, हे विचारायचेही तिला जिवावर आले. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिथे पाव नंबर चुकला तरी गिऱ्हाईक चष्मा टेबलावर आपटायचे. या माणसाचे अख्खे गणित चुकले तरी लोक हात जोडून बाहेर पडत असणार.

"दिवस राहायला ही पावडर. दिवसातून दोनदा, दुधातून."

"मला दूध चालत नाही."

"आवडत नाही म्हणा," डॉक्टर हसले. शेजारी बसलेला तिचा नवराही हसला. मोठ्या खुर्चीतला माणूस हसला की आपणही हसायचे, एवढेच त्याला आयुष्यात नीट जमले होते.

"आवडायला आधी चाखावं लागतं," ती म्हणाली. "फाइलीत पहिल्याच पानावर आहे. मिनिटभर लागेल वाचायला."

डॉक्टरांनी पान उलटले. हसू हळूहळू ओसरले. "हे आधी सांगायचं नाही का?" म्हणत त्यांनी चिठ्ठीवरची पावडर खोडली.

"काय आहे त्यात?" सासूबाईंनी विचारले.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने पंख्याकडे.

लग्नाआधी तिने त्याला समोर बसवून सगळे सांगितले होते. "मला तू हवीस, बाकी काही नको," असे तो छाती फुगवून म्हणाला होता.

"हा तर म्हणतो, तुलाच मूल नको," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून रोज गोळ्या घेतेस."

लग्नाला सहा वर्षे झाली होती. तिने नवऱ्याकडे नीट पाहिले. राग यावा इतकेही त्याच्यात काही सापडेना.

"त्या गोळ्या पाळी यावी आणि हाडं टिकावीत म्हणून आहेत," ती सासूबाईंना म्हणाली. "हा जन्मापासूनचा आजार आहे. दुधातली साखर माझ्या अंगात पचत नाही, तिचं विष होतं. दूध सोडलं म्हणून जगले. पण या आजारात दूध टाळूनही बहुतेक मुलींचे बीजकोश लवकर थकतात. माझे पंधराव्या वर्षीच थकले. आपोआप दिवस राहिलेल्याही आहेत काही जणी, पण फार थोड्या. तुमच्या मुलाला हे सगळं पाठ आहे."

"आईला त्रास नको म्हणून मी..." नवरा पुटपुटला.

"तू टॅक्सी बघ जा," सासूबाई म्हणाल्या. तो लगबगीने उठला. सुटका झाल्यासारखा.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. सासूबाई बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. गेल्या सहा वर्षांत त्या तिला काय काय बोलल्या होत्या, ते दोघींनाही आठवत होते. माफी मागणे त्यांना येत नव्हते, आणि तिलाही ती नको होती.

"म्हणजे आईचंसुद्धा दूध नाही?" त्यांनी अखेर विचारले.

"चार दिवस पाजलं. मी पिवळी पडले, मरायला टेकले. मग बंद केलं."

"आणि तिला? तिला तर येतच राहिलं असेल."

असे तिला आजवर कोणी विचारले नव्हते.

"आई छाती घट्ट बांधून घ्यायची," ती म्हणाली. "आणि बाटलीने पाजताना मला जरा लांब धरायची. तिच्या दुधाचा वास आला की मी बाटली सोडून तिच्याकडे तोंड वळवायचे म्हणे."

रस्त्याच्या कडेला टॅक्सीचे दार उघडून नवरा हाका मारत होता. दोघींपैकी कोणीच उठले नाही.