सीमावस्था

आप्पांची अट एकच होती. "जर्मनीला जा. पण तिकडं जाऊन काय करणार, ते मला समजंल असं सांग. समजलं न्हाय, तर जायाचं न्हाय."

आप्पा म्हणजे माझे वडील, जोतिबा. बेळगावजवळच्या मच्छेच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर आहेत. शब्दसुद्धा मोजून कापतात, त्यात सूतभर फरक व्हायचा नाही. मी भौतिकशास्त्रात पीएचडी केली, आणि गेली सात वर्षं हा माणूस गावाला सांगतोय, "पोरगी लाईटचं कायतरी करती." घरी दोनदा समजावलं, दोन्ही वेळा घोरायला लागले. म्हणून गावच्या वाचनालयात व्याख्यान ठेवलं. चारचौघांत तरी झोपणार नाहीत म्हटलं.

विषय मी लिहून दिला होता : 'चुंबकीय क्षेत्रातील विस्कळीत पत्र्याचा वर्णपट आणि सीमावस्था'. वाचनालयाच्या महादेव अण्णांना फळ्यावर जागा पुरेना. त्यांनी आपल्या अकलेनं आटोपशीर केलं : 'सीमेवरची अवस्था. वक्त्या : डॉ. रचना'.

झालं! आमच्याकडे व्याख्यानाला चार माणसं येतात, त्यातली दोन चहासाठी. त्या दिवशी शाळेतून बाकं आणावी लागली. पुढं सीमाप्रश्नात केस पांढरे झालेली सगळी मंडळी, आणि मागच्या बाकावर, कोण काय बोलतं ते टिपायला आलेला एक हवालदार वही उघडून.

"सीमा म्हणजे इथं काठ हं," मी आधीच सांगितलं. कुणी उठलं नाही. मग फळ्यावर गोल पत्रा काढला.

"पत्रा कधी एकसारखा नसतो. कुठं खड्डा, कुठं टेंगूळ, कुणी ठरवून न केलेलं. वर जबरदस्त लोहचुंबक धरलं की आतले इलेक्ट्रॉन गोल फिरायला लागतात. त्यांना कुठली कुठली ऊर्जा चालते, त्या यादीला म्हणायचं वर्णपट. खड्ड्यांमुळं ती यादी विस्कटते. मधले बहुतेक इलेक्ट्रॉन आपापल्या खड्ड्याभोवती गरगरत बसतात. काठावरचे मात्र पुढं जातात. वाटेत खड्डा आला तर वळसा घालतात, पण माघारी फिरत नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट. "व्हय! काठावरची माघारी फिरत न्हाईत!" पहिल्या रांगेतले रवळू अण्णा डोळे पुसत उभे राहिले.

"अण्णा, मी इलेक्ट्रॉनबद्दल बोलतेय."

"आमीबी त्येच म्हणतोय," ते म्हणाले आणि बसले.

आप्पांनी टाळी वाजवली नाही. कपाळाला आठ्या घालून फळ्याकडंच बघत होते. गेली जर्मनी.

संपल्यावर हवालदारानं त्यांनाच दारात गाठलं. "वडील तुमीच न्हवं? रिपोर्टात एक ओळ लिवायची हाय. पोरगी कशावर बोलली?"

मी पुढं झाले. "मी सांगते ना."

"तुमी ऱ्हावू द्या, मॅडम. तुमचं कळलं असतं तर ह्यांना कशाला इचारलं असतं?"

आप्पांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला. "पत्रा हाय. त्यात खड्डे. मधली जाग्यावरच फिरत्यात, काठाची पुढं जात्यात."

हवालदारानं 'विषय : रस्त्यावरील खड्डे' असं लिहिलं. त्याचा जीव भांड्यात पडला. वही मिटता मिटता त्यानं सहज विचारलं, "आणि गेलेली परत येतच न्हाईत व्हय?"

"वळून न्हाय येत," आप्पा म्हणाले. "पर पत्रा गोल हाय की. काठ सोडला न्हाय, तर पलीकडनं फिरून हितंच येणार."

हे मी व्याख्यानात सांगितलंच नव्हतं. खरं होतं, पण सांगायचं राहून गेलं होतं. मला हवालदारासमोर रडूच फुटलं.

आप्पा माझ्याकडं न बघता चपला शोधत होते. "कधीचं काढायचं गं तिकीट?" ते म्हणाले.