आईचं नाव आधी

डॉक्टर मुन्सिफ घरसल्लींना स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक. ट्यूनिसच्या त्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाला नव्हतं, मग तेही काम त्यांनाच करावं लागे.

विषय उंदरांच्या मेंदूचा. बहुतेक जनुकांच्या आईकडच्या आणि बापाकडच्या, दोन्ही प्रती राबतात. पण काही मोजक्यांची एकच प्रत बोलते, दुसरी गप्प. अशाच एका जनुकाबद्दल सगळे सांगत, की पिल्लाचा मेंदू घडताना बापाची प्रत बोलते. मुन्सिफना आढळलं, आईची! झालं, महिनाभर साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. जेवताना बायकोलाही ऐकवलं, "पोराचा हट्टीपणा तुझ्याकडचा. आता पुरावाच आहे!"

मग प्रयोग पुन्हा केला, तर उत्तर उलटं. चूक आपली असेल, ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही. बावीस वर्षं उंदीर सांभाळणाऱ्या मब्रूकानं पिंजऱ्यांची अदलाबदल केली, असं त्यांनी संचालकांना लिहून दिलं. गुरुवारी बैठक होती आणि तिला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं.

बुधवारी दुपारी पुरावा म्हणून त्यांनी पहिल्या खेपेच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. उंदीर दोन जातींचे, आई एकीची आणि बाप दुसरीचा. नियम साधा, आईची जात आधी लिहायची, मग बापाची. दुसऱ्या खेपेच्या चिठ्ठ्या छापील, फ्रेंच. या मात्र त्यांनी स्वतः, मोठ्या अभिमानानं, अरबीत लिहिलेल्या. म्हणजे उजवीकडून. आणि संगणकात उतरवताना हेच महाशय फ्रेंचच्या सवयीनं डावीकडून वाचत सुटले होते! एकशे सव्वीस पिल्लांच्या आयांना त्यांनी बसल्या जागी बाप करून टाकलं होतं.

अरे देवा! चिठ्ठ्या खिशात घातल्या तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. त्यांनी खरंच खिशात घातल्या.

तेवढ्यात मब्रूका पुदिन्याचा चहा घेऊन आली. वर तरंगणारे चिलगोजे, नेहमीसारखे. 'सी' म्हणजे साहेब; ती त्यांना तशीच हाक मारी.

"सी मुन्सिफ, उद्यानंतर मी यायचंय की नाही, तेवढं सांगा. कोपऱ्यातली मादी विणार आहे. तिला गडबड चालत नाही, पिल्लं खाते. दुसऱ्या कुणाला तरी समजावून ठेवते."

पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला. स्वतःची एवढी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

गुरुवारी बैठकीत त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "गाढवपणा माझा. अरबी चिठ्ठ्या मी डावीकडून वाचल्या. बाईंनी एकही पिंजरा हलवलेला नाही."

संचालक सी रिदांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि ते पोट धरून हसले. "शाबास रे पठ्ठ्या! दोन भाषा शिकलास आणि दोन्ही बाजूंनी आपटलास!" मब्रूकाला काढायचा कागद त्यांनी तिथेच फाडला.

मुन्सिफ थेट उंदरांच्या खोलीत गेले. मब्रूका पिंजऱ्यात भुसा पसरत होती.

"मब्रूका, मला माफ कर. चूक माझी होती."

"माहीत आहे," ती हात न थांबवता म्हणाली. "मार्चमध्येच तुम्हाला सांगितलं होतं, की पिल्लांना पाजतेय एक आणि तुम्ही संगणकात आई म्हणून लिहिताय भलत्यालाच. काय म्हणाला होतात, आठवतंय?"

आठवत होतं. शब्दन् शब्द. 'तू उंदरांना खायला घाल, मेंदूचं मी बघतो.'

मब्रूकानं पिंजऱ्याचं दार लावलं आणि उंदरांच्या दाण्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"धरा. आज तुम्ही खायला घाला."